बाकावरचा गिंटर

सोमवारी सकाळची पाळी खाणीत उतरायच्या आधी दिवे घ्यायला खिडकीशी रांग लागायची. खिडकीच्या आत गिंटर माल्हेरेक. प्रत्येकाच्या नंबराचा दिवा काढून द्यायचा, एवढंच त्याचं काम. रांगेतला कुणी ना कुणी हटकून विचारायचाच, “काय गिंटर, बाक नीट गरम केलास ना काल?” मागची पन्नास माणसं खो खो हसायची. गिंटरही हसायचा, दिवा पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, “केला की. तुला बसायचंय? शेजारी जागा आहे.”

कालिनूव या खाणीच्या गावात ‘इस्क्रा’ क्लबकडून फुटबॉल खेळणाऱ्या प्रत्येकाचं नाव खाणीच्या हजेरीपटावर असायचं. त्या काळी सगळीकडे तसंच चालायचं. नावाजलेले खेळाडू महिन्यातून एकदा पगाराच्या दिवशी तोंड दाखवायचे. गिंटर मात्र खरोखरच कामाला यायचा. तो इस्क्राचा दुसरा गोलकीपर होता, आणि दुसऱ्या गोलकीपरचे लाड कोण करणार?

पहिला गोलकीपर म्हणजे आलोईझ बुलेंदा. सहा फूट तीन इंच उंच, हात फावड्याएवढे, आणि तब्येत अशी की डॉक्टरला त्याचं नावसुद्धा माहीत नव्हतं. त्याला सर्दी व्हायची नाही, त्याचा पाय मुरगळायचा नाही, त्याला कधी लाल कार्ड मिळायचं नाही. गिंटर वयाच्या विसाव्या वर्षी, सत्याहत्तर साली, संघात आला. आज ना उद्या आलोईझला काहीतरी होईलच, या आशेवर तो बाकावर बसला. एक वर्ष गेलं, तीन गेली, सहा गेली. दुसऱ्या लीगमधले दीडशेच्या वर सामने त्याने बाकावरून पाहिले. खेळला मोजून चार, तेही ज्यांच्या निकालाने काहीच फरक पडणार नव्हता असे.

“तू त्याच्या सुपात काहीतरी मिसळ,” गिंटरची बायको ट्रुडा रविवारी गोमांसाच्या गुंडाळ्या आणि लाल कोबी वाढता वाढता म्हणायची. “जुलाब होतील असं काहीतरी. मी देते करून.”

“अगं, त्याला तेही पचेल.”

गंमत म्हणजे दोघांची दोस्ती घट्ट होती. आलोईझ त्याच्याच गल्लीत, लाल विटांच्या तिसऱ्या चाळीत राहायचा. दोघांची कबुतरं एकाच माळ्यावर होती. सरावाला आलोईझला गिंटर हवाच असायचा, कारण त्याला नेमक्या जागी चेंडू मारून दमवणं दुसऱ्या कुणाला जमायचं नाही. “तुझ्यामुळे मी चांगला आहे रे,” आलोईझ एकदा बिअर पिताना म्हणाला होता. गिंटरला त्याचा अभिमानही वाटला आणि रागही आला. कोणतं जास्त, ते त्याला सांगता आलं नसतं.

मग चौऱ्याऐंशीच्या ऑक्टोबरात तो बुधवार उजाडला.

देशाच्या चषकाचा सामना होता, आणि चिठ्ठ्यांत कालिनूवच्या वाट्याला आला होता वॉर्साचा एक बडा संघ. पहिल्या लीगमधला. त्या दिवशी दुकानांसमोरच्या रांगासुद्धा ओस पडल्या. सगळं गाव मैदानात, आणि ज्यांना मैदानात जागा मिळाली नाही ते गोलमागच्या खाणीच्या मातीच्या डोंगरावर चढून बसलेले. खाणीचा वाद्यवृंद काळ्या गणवेशात, डोक्यावर पिसांचे तुरे. सामन्याला वीस मिनिटं राहिली असताना, सराव चालू असताना, इस्क्राच्याच एकाने मारलेला चेंडू आलोईझच्या करंगळीवर बसला आणि करंगळी नको त्या दिशेला वळली.

सात वर्षांत पहिल्यांदा.

कोच एमिल कुचेरा हा म्हातारा, कमी बोलणारा माणूस. तो गिंटरसमोर आला आणि म्हणाला, “हातमोजे घाल.”

गिंटर इतका गडबडला होता की मोजे ट्रुडाच्या भावाने येऊन चढवले, असं ट्रुडा नंतर सांगायची. ते खरं नव्हतं, पण फारसं खोटंही नव्हतं. पहिल्या पाच मिनिटांत त्याने एक सोपा चेंडू हातातून सोडला. डोंगरावरून कुणीतरी ओरडलं, “गिंटर, तो दिवा नाहीये, घट्ट धर!” लोक हसले. आणि त्या हसण्यानेच त्याच्या आतलं काहीतरी सैल झालं. रोज सकाळी खिडकीसमोर ऐकू येणारंच हसणं होतं ते. ही सगळी आपलीच माणसं, असं त्याला वाटलं.

त्यानंतर त्याने काय अडवलं नाही! दोन डोक्याने मारलेले, एक अगदी पाच पावलांवरून, एक पायाच्या टोकाने. नव्वद मिनिटं शून्य-शून्य. जादा वेळही शून्य-शून्य. मग पेनल्ट्या.

आता सात वर्षं बाकावर बसून माणूस काय करतो? गिंटर बघत बसला होता. तोंडाने, डोळ्यांनी खेळाडू फसवतो. पण मारायच्या आधी जो पाय तो चेंडूशेजारी टेकतो, त्या पायाला फसवता येत नाही, हे त्याच्या केव्हाच ध्यानात आलं होतं. वॉर्साची पहिली पेनल्टी आत गेली. दुसऱ्या वेळी गिंटर पाय टेकेपर्यंत थांबला, आणि डावीकडे झेपावला. चेंडू मुठीवर आदळून खांबाबाहेर गेला. मैदान उठलं. पण इस्क्राच्या चौथ्याने चेंडू थेट डोंगरावरच्या लोकांत मारला, आणि चार-चार मारून झाल्यावर तीन-तीन अशी बरोबरी. इस्क्राचा पाचवा मात्र चुकला नाही.

वॉर्साचा पाचवा म्हणजे राष्ट्रीय संघाचा माणूस. आरामात चालत आला. गिंटरकडे बघून हसला, गिंटरच्या उजवीकडे नजर टाकली. गिंटर त्याच्या बुटाकडे बघत होता. बूट टेकला. गिंटर उजवीकडेच गेला, दोन्ही हातांनी चेंडू छातीशी ओढला आणि तसाच चिखलात पडून राहिला. वर कोण कोण येऊन पडलं ते त्याला कळलंच नाही. आलोईझ करंगळीला फळी बांधलेल्या अवस्थेत धावत आला आणि त्याने एका हाताने गिंटरला उचललं. “अरे हरामखोरा!” तो ओरडत होता आणि रडत होता. “सात वर्षं लपवून ठेवलंस हे?”

पुढच्या रविवारी आलोईझने बोटाला पट्टी गुंडाळली आणि कुचेराने संघ वाचून दाखवला. क्रमांक एक, बुलेंदा.

गिंटरने तो सामनाही बाकावरूनच पाहिला. सगळे गेल्यावर कोचच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

“रागावलास?” कुचेराने विचारलं.

“हो.”

“रागावशील नाही तर काय. आत ये. सांग, दुसऱ्या अर्ध्यात आपली डावी बाजू का फाटत होती?”

गिंटरला वाटलं, कोच विषय टाळतोय. पण उत्तर तोंडातून निघून गेलं. “बचावातला डावीकडचा माणूस चेंडूकडे बघतो, समोरच्या माणसाकडे बघत नाही. शिवाय त्याला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. मागून ओरडलेलं त्याला कळतच नाही.”

कुचेराने चष्मा काढला. “कमी ऐकू येतं? तुला कसं कळलं?”

“चार वर्षं त्याच्या उजवीकडे बसून जेवतोय मी, कोच. मीठ मागितलं तर देत नाही.”

त्या दिवसापासून कुचेरा बाकावर गिंटरला आपल्या शेजारी बसवू लागला. मध्यंतराला खेळाडूंशी बोलायच्या आधी तो मान न वळवता विचारायचा, “काय?” आणि गिंटर दोन वाक्यांत सांगायचा. ही गोष्ट गावात कुणालाच माहीत नव्हती. सोमवारी रांगेत बाकावरून टोमणे चालूच होते.

अठ्ठ्याऐंशी साली आलोईझ बायकामुलांना घेऊन जर्मनीला गेला. तेव्हा कितीतरी जण जात होते. निरोपाला तो म्हणाला, “जा, आता जागा तुझी.” पण क्लबने दुसऱ्याच आठवड्यात एकवीस वर्षांचा नवा गोलकीपर आणला. ती बातमी ट्रुडाने सांगितली तेव्हा गिंटर हातातला चहा सांडेपर्यंत हसला. मग त्याने मोजे खुंटीवर टांगले आणि कातोवित्से शहरातल्या कोचच्या अभ्यासक्रमाला अर्ज टाकला.

पुढे सगळंच बदललं. सरकार बदललं, दुकानं भरली, खाणीने क्लबचा हात सोडला. खेळाडू गेले, इस्क्रा तिसऱ्या लीगमध्ये घसरली. गिंटरही दिवेघरातून बाहेर पडला. सकाळी पावाची गाडी चालवायची, दुपारी शेजारच्या गावातल्या शेतकऱ्यांच्या संघाला शिकवायचं. तिथे मैदानात गायी चरायच्या आणि बचावाचा मुख्य खेळाडू कापणीच्या दिवसांत यायचाच नाही. तरी सहा वर्षांत तो संघ दोन पायऱ्या वर चढला. त्याच काळात कुचेरा वारला. त्याच्या अंत्ययात्रेत त्याची बायको गिंटरला म्हणाली, “घरी ते तुमचंच नाव घ्यायचे बघा. म्हणायचे, माझे डोळे गिंटरकडे आहेत.”

शहाण्णवच्या मार्चमध्ये क्लबचे अध्यक्ष झेमेला पावाच्या गाडीसमोर आडवे उभे राहिले. इस्क्रा तिसऱ्या लीगमध्ये सगळ्यात शेवटी होती आणि नवा कोच आदल्या दिवशी निघून गेला होता.

“तीन सामने सांभाळ,” झेमेला म्हणाले. “तेवढ्यात आम्ही कुणीतरी चांगला शोधतो.”

“चांगला शोधताय तर मला कशाला विचारताय?”

“कारण बाकी सगळ्यांनी नाही म्हटलं.”

“हे मात्र खरं बोललात,” गिंटर म्हणाला आणि गाडीतून उतरला.

तीन सामने जिंकल्यावर शोध थांबला. इस्क्रा त्या वर्षी लीगमध्ये तगली. आणि पुढच्या वर्षी, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, वर चढू लागली.

गिंटरने वेगळं असं काय केलं? गावातला प्रत्येक जण आज आपापलं उत्तर देतो. एक मात्र सगळ्यांना दिसत होतं. बाकावर बसणाऱ्या पाच जणांशी तो मैदानातल्या अकरा जणांपेक्षा जास्त बोलायचा. प्रत्येकाला सामन्याआधी सांगायचा, आज तू कुणावर नजर ठेवायचीस. मध्यंतराला आधी त्यांना विचारायचा. त्या पाच जणांत टोबियाश गाय्दा होता, वय तेहेतीस, व्यवसायाने पोस्टमन, पायाने डावखुरा. मागच्या कोचने त्याला कधीच काढून टाकला असता, पण त्याच्यासाठी क्लबला काही द्यावं लागत नव्हतं म्हणून तो राहिला होता.

त्याच हिवाळ्यात आलोईझ बुलेंदा जर्मनीहून परतला. जुनी ओपेल गाडी, पोट सुटलेलं, बायको तिकडेच राहिलेली. गिंटरने त्याला काही विचारलं नाही, म्हणाला, “गोलकीपरांना शिकवायला माणूस पाहिजे.”

“आणि सामन्याच्या वेळी?”

“माझ्या शेजारी बसायचं. बाकावर.”

आलोईझ बाकावर बसला खरा, पण त्याला बसताच येईना. तो उठायचा, ओरडायचा, पंचाला आया-बहिणींवरून बोलायचा, रेषेच्या आत पाय टाकायचा. दोनदा त्याला मैदानाबाहेर काढलं. “अरे, तुम्ही लोक इथे नव्वद मिनिटं कसे बसता?” तो घामाघूम होऊन म्हणाला. “इथे काहीच करता येत नाही! नुसतं बघायचं! यापेक्षा खाणीत उतरलेलं परवडलं!” बाकावरचे पाचही जण इतके हसले की पंचाने त्यांना ताकीद दिली.

सत्त्याण्णवच्या जूनमध्ये शेवटचा सामना उरला. डोंगरातलं स्काल्नित्सा गाव, त्यांचा संघ ‘झापोरा’. झापोरा एक गुणाने पुढे. त्यांना बरोबरी पुरेशी होती, इस्क्राला जिंकावंच लागणार होतं. जो पहिला येईल तो दुसऱ्या लीगमध्ये जाणार. कालिनूवहून दोन हजार माणसं आगगाडीने आली, खिडक्यांतून झेंडे बाहेर काढून, वाद्यवृंदाचे तुतारीवाले पायऱ्यांवर उभे राहून वाजवत. ट्रुडा आली होती, सोबत खसखशीच्या केकचा डबा घेऊन. पण सामना संपेपर्यंत तिला तो उघडताच आला नाही. तिचे हात झाकणावर नुसते आवळलेले होते.

विसाव्या मिनिटाला झापोराने गोल केला. डोंगर दणाणला. मध्यंतराला इस्क्राचे खेळाडू माना खाली घालून आत आले. गिंटर आधी बाकावरच्यांकडे वळला.

“काय दिसलं?”

गाय्दा म्हणाला, “त्यांचा दोन नंबर, उजवा बचावपटू. पुढे पुढे खेळतोय तोवर ठीक आहे. पण मागे पळावं लागलं की तोंडाने श्वास घेतो.”

“पिवळं कार्डही आहे त्याला,” दुसरा म्हणाला.

गिंटरने मान डोलावली.

पंचावन्नाव्या मिनिटाला इस्क्राचा हुकमी एक्का, इरेनेउश पित्लिक, कॉर्नरवर उंच उडाला आणि त्याने डोक्याने चेंडू जाळ्यात घुसवला. एक-एक! मोसमातला त्याचा चोविसावा गोल. दोन हजार माणसांचा आवाज असा निघाला की वर डोंगरावरच्या मेंढ्या पांगल्या. आता सगळं पित्लिकवर होतं. प्रत्येक चेंडू त्याच्याकडे जात होता. तो मारत होता, बाहेर जात होता, पुन्हा मागत होता.

सत्तराव्या मिनिटाला गिंटर उठला आणि त्याने बदलीचा फलक वर करायला सांगितलं. बाहेर नऊ नंबर. पित्लिक. आत सोळा नंबर. पोस्टमन गाय्दा.

क्षणभर कुणाला समजलंच नाही. मग कालिनूवच्याच माणसांनी शिट्ट्या मारायला सुरुवात केली. सूर्यफुलाच्या बियांच्या पुड्या मैदानात पडल्या. अध्यक्ष झेमेला पुढच्या रांगेतून उठून कठड्यापाशी आले. “माल्हेरेक! डोकं ठिकाणावर आहे का? त्याला काढतोयस? त्याला?”

“खाली बसा, साहेब,” गिंटर वळून न बघता म्हणाला. “मागच्यांना दिसत नाहीये.”

पित्लिक रेषेपाशी आला तो फणफणत. “कोच, तुम्हाला हरायचंय का? मी आत्ता गोल केलाय!”

“बघितला की. छान होता. बस इथे.”

“मी नाही बसणार!”

“तुझ्या उजव्या मांडीत गोळा आलाय,” गिंटर हळूच म्हणाला. “दहा मिनिटं झाली. तू पाय टाकताना टाच टेकवत नाहीयेस. आणखी एकदा जोरात धावलास तर स्नायू फाटेल, आणि पुढचा मोसम तू माझ्यासारखा इथे बसून काढशील. बस.”

पित्लिक बसला. थोड्या वेळाने त्याने मांडीवर हात ठेवला आणि दात आवळले. आलोईझने बर्फाची पिशवी त्याच्याकडे सरकवली.

आणि गाय्दा पळू लागला. रोज पाठीवर टपालाची पिशवी घेऊन टेकड्यांवरच्या वस्त्यांमधून पंधरा किलोमीटर चालणारा माणूस, वर्षभर बाकावर ताजातवाना राहिलेला. पहिल्या वेळी दोन नंबरने त्याला अडवलं. दुसऱ्या वेळीही अडवलं, पण गुडघ्यांवर हात ठेवून वाकला. तिसऱ्या वेळी त्याला गाय्दाला पाडता येत होतं. पण कार्ड आठवलं आणि पाय आखडला. गाय्दा निघून गेला. चेंडू मध्ये आला, इस्क्राच्या कुणालाच पोचता आलं नाही. ऐंशी मिनिटं. त्र्याऐंशी. शिट्ट्या थांबल्या होत्या. आता कालिनूवची माणसं एका सुरात ओरडत होती, “टपाल! टपाल! टपाल!”

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला गाय्दाला चेंडू मिळाला तेव्हा गिंटर बाकावरून उठलासुद्धा नाही. आलोईझने त्याचा दंड धरला होता आणि नखं रुतवत होता. गाय्दा धावला, दोन नंबर मागे, आणखी मागे, मग नुसता चालायला लागला. गाय्दाने मान वर करून क्रॉस मारला. झापोराच्या गोलकीपरने चेंडू पकडला, असं सगळ्यांना वाटलं. पण सकाळच्या पावसाने भिजलेल्या गवतावर चेंडू ओला झाला होता, तो हातातून निसटला, आणि इस्क्राचा लेशेक, दिवसभर ज्याचं काहीच नीट झालं नव्हतं, तो कसाबसा पाय पुढे टाकत पडला. चेंडू गुडघ्याला लागला की नडगीला, हे लेशेकलाही आजतागायत माहीत नाही. पण तो रेषेपलीकडे गेला.

कालिनूवची माणसं कठडा ओलांडून आत येतील असं वाटलं. तुतारीवाला एकच सूर धरून बसला. झेमेला अध्यक्ष कुणा अनोळखी बाईला मिठी मारून नाचत होते. पित्लिक लंगडत रेषेपर्यंत पळाला आणि ओरडला, “टोबियाश! अरे टोबियाश!”

“बसा सगळे!” गिंटर गरजला. “सहा मिनिटं आहेत अजून!”

ती सहा मिनिटं ट्रुडाला सहा वर्षांसारखी वाटली. झापोराने सगळी माणसं पुढे पाठवली. शेवटच्या क्षणी त्यांना कॉर्नर मिळाला आणि त्यांचा गोलकीपरसुद्धा पुढे आला. आलोईझ बाकावर पाठ फिरवून, डोळे मिटून, कानांवर हात ठेवून बसला होता. “सांग मला,” तो म्हणत होता, “नको, सांगू नको. सांग!”

“कॉर्नर मारतायत,” गिंटर सांगत होता. “उंच आलाय. आपला पोरगा गोलमधून बाहेर पडलाय.”

“बाहेर का पडला? मी सांगितलं होतं पडू नको!”

“पकडला.”

“काय?”

“पकडला रे, पकडला! घट्ट!”

शिट्टी वाजली. आलोईझने डोळे उघडले आणि तो बाकावरून उठू लागला. गिंटरने हात पुढे केला. मग दोघं चाळिशीला आलेले गोलकीपर एकमेकांना धरून तिथेच खाली गवतात बसले, आणि खेळाडूंनी त्यांच्यावर पाण्याच्या बाटल्या ओतल्या.

इस्क्रा दुसऱ्या लीगमध्ये चार मोसम टिकली. मग सलग पाच हार झाल्या आणि एका मंगळवारी झेमेलांनी गिंटरला बोलावलं. ते फुलदाणीतली फुलं नीट करत राहिले, तेव्हाच त्याला कळलं. “वाईट वाटून घेऊ नकोस,” ते म्हणाले. “वाटून घेणार,” गिंटर म्हणाला, हात मिळवला आणि बाहेर पडला. घरी ट्रुडाने आंबट सूप गरम केलं. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या क्लबचा फोन आला. नंतरच्या पंधरा वर्षांत त्याने पाच संघ सांभाळले. दोन संघांना वर नेलं, एकाला खाली जाण्यापासून वाचवता आलं नाही. एका मोसमात तो पहिल्या लीगमध्ये होता, अकरा सामने. मोठ्या शहरांच्या दिव्यांखाली त्याने आपला जाड कोट घालून बाजूची रेषा झिजवली, आणि त्या अकरापैकी चार जिंकले. टीव्हीवाल्यांनी विचारलं, खेळाडू म्हणून तुमची कारकीर्द कशी होती? तो म्हणाला, “लांबलचक. फक्त बसून.”

आता तो साठी ओलांडून पुढे गेलाय. गुडघे कुरकुरतात, ट्रुडा त्याला साखर खाऊ देत नाही. तरीही मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी तो कालिनूवच्या बायकांच्या संघाला शिकवतो. त्यांत एक परिचारिका आहे, दोघी दुकानातल्या गल्ल्यावरच्या, एक ट्राम चालवते. गेल्या वसंतात त्यांचा पहिला लीग सामना होता. मैदानात उतरायच्या आधी ट्रामवाली ओनुफ्रिया, त्यांची कर्णधार, त्याच्याजवळ आली. चेहरा पांढराफटक.

“कोच, माझ्या पोटात कसंतरीच होतंय.”

“माझ्याही पोटात होतंय,” गिंटर म्हणाला.

“तुमच्या? एवढ्या वर्षांनी?”

“दर वेळी होतं, पोरी. त्यासाठीच तर येतो मी.”

पंचाने घड्याळ पाहिलं. ओनुफ्रिया हसली, केस घट्ट बांधले आणि बाकीच्यांना हाक मारत धावत सुटली. गिंटरने कोटाची बटणं उघडली, दोन्ही मुठी आवळल्या आणि पहिल्या चेंडूला पाय लागायच्या आधीच रेषेवरून ओरडायला सुरुवात केली.